दोन उंबरठे : स्मिता पाटीलच्या भूमिका आणि आपण

स्मिता पाटील या अभिनेत्रीविषयी मराठीत कमी लिहिले गेलेले नाही. तिचे डोळे, तिचा सावळा रंग आणि तिचा अकाली मृत्यू या तीन गोष्टींभोवती आपल्या पांढरपेशा समीक्षेने एक हळवी आरती रचली आहे. दरवर्षी डिसेंबर आला की ती आरती पुन्हा म्हटली जाते. त्या भक्तिभावाशी माझे भांडण नाही. मीही तिचे चित्रपट पाहत वाढलेल्या पिढीतलाच आहे. परंतु या लेखनात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. ज्या स्त्रियांच्या भूमिका करून ही अभिनेत्री मोठी झाली, त्या स्त्रियांना या कलेच्या घरात कोणती जागा मिळाली? त्या कोठून आत आल्या आणि कोणत्या दारापाशी थांबविल्या गेल्या? प्रस्तुत लेखात मी तिच्या कारकिर्दीकडे त्या दाराच्या बाजूने पाहणार आहे.

हा प्रश्न मला पुस्तकात सापडलेला नाही. तो मला खराडीत विचारला गेला.

१९७२ च्या दुष्काळात माझे आईवडील मराठवाड्यातून पुण्याकडे आले तेव्हा खराडी हे हवेली तालुक्यातले एक गाव होते. मुळा-मुठेच्या काठची शेती, नगर रस्त्यावरची वर्दळ आणि गावाबाहेर आमच्यासारख्यांच्या झोपड्या, एवढेच त्याचे रूप. आज तेथे काचेच्या उंच इमारती आहेत, संगणकाची मोठमोठी कार्यालये आहेत. आमच्या वस्तीतल्या बाया सकाळी सहाला त्या इमारतींत शिरतात त्या मागच्या दाराने. सामानासाठी वेगळी असलेली लिफ्ट हीच त्यांची लिफ्ट. लादी पुसून, संडास धुऊन त्या बाहेर पडतात तेव्हा पुढच्या दाराने साहेब लोक आत येऊ लागलेले असतात. याच नगर रस्त्याने दरवर्षी १ जानेवारीला लाखो पावले भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाकडे जातात. त्या दिवशी आमच्या बाया रस्त्याच्या मधोमध चालतात. २ जानेवारीला पुन्हा मागचे दार.

गेल्या डिसेंबरात आमच्या अभ्यासवर्गाने वस्तीतल्या विहाराच्या सभागृहात लागोपाठ दोन रात्री दोन चित्रपट दाखविले. पहिल्या रात्री ‘सद्गती’, दुसऱ्या रात्री ‘उंबरठा’. दोन्हीत स्मिता पाटील आहे. निवड मी मास्तरकीच्या सवयीने केली होती. दोन्ही एकाच काळातले, म्हणून. पण त्या दोन रात्रींत जे बोलले गेले त्याने माझीच शिकवणी घेतली.

‘सद्गती’ संपल्यावर पुढच्या रांगेतली एक म्हातारी मला म्हणाली, “गुरुजी, ह्या बाईला आपलं बसणं येतंय बगा. पन हिला बोलू का देईनात?” आणि ‘उंबरठा’ संपल्यावर बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी थांबली. नाटकात चांगले काम करणारी ही मुलगी आदल्या महिन्यात एका दूरदर्शन मालिकेच्या निवडचाचणीला जाऊन आली होती. तिला सांगण्यात आले, तुझा चेहरा कामवालीच्या भूमिकेला छान शोभेल, पण आज त्या भूमिकेची निवड नाही. ती मला म्हणाली, “सर, स्मिता पाटीलचा सावळा रंग म्हणजे सौंदर्य आणि माझा तोच रंग म्हणजे कामवाली. हे कसं काय?”

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजेच हा लेख.

१

प्रथम तिच्या आयुष्याची रूपरेषा. स्मिता पाटीलचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्यातला. वडील शिवाजीराव गिरधर पाटील हे खानदेशातील राजकीय कार्यकर्ते, पुढे राज्यात मंत्री झाले. आई विद्याताई परिचारिका आणि समाजसेविका. घर राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारातले. कलापथकाची ओळख लहानपणीच झालेली. १९७२ साली मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात ही मुलगी तेथे मराठी बातम्या देऊ लागली. त्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर श्याम बेनेगल यांनी तिला पाहिले. १९७५ साली ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ आले, त्याच वर्षी मराठीत जब्बार पटेल यांचा ‘सामना’. १९७६ ला ‘मंथन’, १९७७ ला ‘भूमिका’ आणि ‘जैत रे जैत’. ‘भूमिका’साठी आणि नंतर ‘चक्र’साठी असा दोनदा तिला उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८५ ला पद्मश्री. १३ डिसेंबर १९८६ रोजी, बाळंतपणानंतर अवघ्या पंधरवड्यात, वयाच्या एकतिसाव्या वर्षी मुंबईत तिचा मृत्यू झाला.

कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची. या बारा वर्षांत तिने कोणत्या स्त्रिया उभ्या केल्या, त्याची यादी आपल्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ‘जैत रे जैत’मधली ठाकर समाजातली चिंधी. ‘मंथन’मधली गुजरातच्या खेड्यातली बिंदू. ‘आक्रोश’मधली आदिवासी मजुराची बायको, नागी. ‘चक्र’मधली मुंबईच्या झोपडपट्टीतली अम्मा. ‘सद्गती’मधली चांभाराची बायको झुरिया. ‘मिर्च मसाला’मधली मिरचीच्या कारखान्यात आसरा घेणारी सोनबाई. हिंदी चित्रपटाची नायिका तोपर्यंत बहुधा गोरी, रिकाम्या हातांची आणि प्रेमाखेरीज दुसरा उद्योग नसलेली असे. या बाईने पडद्यावर हाताला काम असलेली स्त्री आणली. तिचे पाणी भरणे, तिचे चूल पेटवणे, तिचे उकिडवे बसणे, डोक्यावर ओझे घेऊन वळणे हे सारे खरे वाटते. मंत्र्याच्या घरात वाढलेल्या मुलीने हे शरीर कमावले, याला कष्ट लागले असणार आणि त्या कष्टांमागे माणसाविषयीचा आदर असणार. मुंबईतील स्त्रीमुक्तीच्या कामाशीही तिचा संबंध होता. म्हातारीने तिला जे प्रशस्तिपत्र दिले, ‘हिला आपलं बसणं येतंय’, ते मला दोन्ही राष्ट्रीय पुरस्कारांच्या तोडीचे वाटते.

परंतु याच म्हातारीच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग उरतोच. बोलू का देईनात?

२

‘सद्गती’ हा सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवरून १९८१ साली दूरदर्शनसाठी केलेला चित्रपट. जेमतेम पाऊण तासाचा. दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घेण्यासाठी पंडित घासीरामच्या दारी जातो. नुकताच तापातून उठलेला, उपाशीपोटी. पंडित त्याला झाडलोट सांगतो, भुसा वाहायला सांगतो आणि शेवटी एक गाठीचा ओंडका फोडायला लावतो. ओंडका फुटत नाही, दुखी मरतो. प्रेत विहिरीच्या वाटेवर पडलेले. चांभारवाडा प्रेत उचलायला येत नाही, कारण गोंडाने त्यांना बजावलेले असते की पोलिसांचा तपास होईल. अखेर पंडित प्रेताच्या पायाला दोरीचा फास अडकवतो आणि स्पर्श न करता ते फरफटत नेऊन मेलेल्या जनावरांच्या जागी टाकतो.

दुखी ओम पुरीने केला आहे, पंडित मोहन आगाशे यांनी. या चित्रपटावर लिहिताना समीक्षक ओंडक्यावर लिहितात, दोरीवर लिहितात. लिहावेच. पण मी आता झुरियाकडे बोट दाखवतो. सुरुवातीला ती नवऱ्याला अडवते. आजारातून उठला आहेस, जाऊ नको म्हणते. तिचे शहाणपण कोणी ऐकत नाही. मग ती कथेतून नाहीशी होते आणि परत येते ती प्रेतापाशी. पावसात ती बामणाच्या बंद दाराशी जाते, तेथे कोसळते, आक्रोश करते. दार उघडत नाही. स्मिता पाटीलचा हा प्रसंग ज्याने पाहिला तो विसरणार नाही. तिच्या हंबरड्यात जनावराच्या वेदनेची आणि माणसाच्या संतापाची सरमिसळ आहे. पण तो हंबरडाच आहे, शब्द नाही. ती दारावर आदळते पण दाराला प्रश्न विचारीत नाही.

आणि येथे आपल्या समीक्षेने थांबून विचार केला पाहिजे. या कथेत एक सामुदायिक नकार आहे. प्रेत न उचलणे हा तो नकार. गावकीची ढोरे ओढण्याचे काम सोडून देणाऱ्या आपल्या आज्यापणज्यांना या नकाराची किंमत ठाऊक आहे. पण तो नकार घडविणारा गोंड पुरुष, तो पाळणारे चांभार पुरुष. झुरियाच्या वाट्याला आलेले आहे ते रडणे. ज्या वाड्यात मी वाढलो तेथे प्रेतापाशी बाया नुसत्या रडत नसत. त्या रडता रडता पाटलाचा, सावकाराचा, देवाचा उद्धार करीत. त्या विलापात इतिहास असे आणि शिव्या असत. ते शब्द पटकथेत आले नाहीत, कारण पटकथा लिहिणाऱ्याला ते कधी ऐकू आले नव्हते. राय हे थोर दिग्दर्शक होते, त्यांची करुणा खरी होती. परंतु करुणेला डोळे असतात, कान असतातच असे नाही.

‘मंथन’मध्ये हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडते. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन हा चित्रपट उभा केला, ही त्याची थोरवी. त्यातली बिंदू तल्लख आहे, बोलकीही आहे. पण निर्णायक क्षणी तिचा नवरा एका कागदावर तिचा अंगठा उठवून घेतो आणि शहरातून आलेल्या डॉक्टरवर खोटा आरोप उभा राहतो. अंगठा तिचा, मजकूर दुसऱ्याचा. मला हा प्रसंग केवळ कथेतला वाटत नाही. त्या काळच्या साऱ्या समांतर चित्रपटाचे ते वर्णन आहे. ‘आक्रोश’मध्ये तर नागी मेल्यावरच कथा सुरू होते. तिच्यावर झालेला अत्याचार हे रहस्य आहे, तो उलगडणारा वकील भास्कर कुलकर्णी हा नायक आहे. आणि ‘चक्र’? जयवंत दळवींच्या कादंबरीवरचा हा चित्रपट झोपडपट्टीवर बुलडोझर फिरतो तेथवर जातो, हे त्याचे श्रेय. पण सार्वजनिक नळावर अंघोळ करणाऱ्या अम्माचा प्रसंग जाहिरातीसाठी वापरला गेला. आमच्या बायांना आडोसा नाही, ही व्यवस्थेची लाज. ती लाज बाजाराने तिकीटबारीसाठी विकली. अम्माची असो की अभिनेत्रीची, परवानगी कोणी मागितली?

३

आता दुसरी रात्र. ‘उंबरठा’ १९८२ चा, दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची ‘बेघर’. सुलभा महाजन सुखवस्तू घरातली सून. वकील नवरा, सामाजिक कार्यात प्रतिष्ठा मिळविलेली सासू, लहान मुलगी. तिला स्वतःचे काम हवे आहे. घरच्यांच्या इच्छेविरुद्ध ती परगावच्या महिलाश्रमाची अधीक्षिका होते, तेथल्या भ्रष्टाचाराशी झुंजते, हरते, परत येते तो नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली. सुलभा पुन्हा घर सोडते. मी हा चित्रपट कॉलेजात असताना पाहिला, तेव्हा तो आम्हा सर्वांना क्रांतिकारक वाटला होता. आजही तो प्रामाणिक वाटतो.

पण लागोपाठ दोन रात्री पाहिल्यावर एक गोष्ट लखकन दिसली. दोन्ही चित्रपटांत एकच अभिनेत्री उंबरठ्यापाशी उभी आहे. सुलभा उंबरठ्याच्या आत आहे आणि तिला बाहेर पडायचे आहे. झुरिया बाहेर आहे आणि तिच्यासाठी दार उघडत नाही. सुलभाचा उंबरठा ओलांडणे म्हणजे बंड. त्यावर मराठी मध्यमवर्गाने महिनोन्महिने चर्चा केली. झुरियाचा उंबरठा ओलांडणे म्हणजे विटाळ. त्यावर चर्चा होत नाही, शुद्धी होते. स्त्रीमुक्तीच्या चळवळीत तेव्हा ‘घराबाहेर पडा’ ही हाक होती. आमच्या आया घराबाहेरच होत्या. दुसऱ्याच्या शेतात, बांधकामावर, रस्त्याच्या खडीवर. त्यांचा प्रश्न बाहेर पडण्याचा नव्हता. शाळेत, देवळात, कचेरीत, पाणवठ्यावर आणि पडद्यावर आत कसे शिरायचे, हा त्यांचा प्रश्न होता. महिलाश्रमातल्या ज्या बायांसाठी सुलभा लढते त्यांच्यापैकी कितीजणी झुरियाच्या वाड्यातल्या असतील? चित्रपट त्यांची जात विचारीत नाही. न विचारणे हा मोठेपणा वाटतो, पण ज्यांची जात जगाने पदोपदी विचारली त्यांच्या बाबतीत न विचारणे म्हणजे झाकणे.

‘भूमिका’तला उंबरठा तिसऱ्याच जातीचा आहे. हा चित्रपट हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला. हंसाबाई कलावंतिणीच्या परंपरेतल्या घरात जन्मलेल्या, पोटासाठी पोरवयात चित्रपटात आलेल्या. ‘संत सखू’, ‘लोकशाहीर रामजोशी’ आणि १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ हे त्यांचे गाजलेले चित्रपट. शेवटचा पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे चालला. स्मिता पाटीलने केलेली उषा ही त्यांचीच छाया. ही उषा एका सधन माणसाच्या वाड्यात मानाने राहायला जाते. तेथे तिला कुंकू मिळते, किल्ल्या मिळतात, पण उंबरठा ओलांडून बाहेर जायची मुभा मिळत नाही. कलावंतीण घरात आली की ती वस्तू होते. १९३६ साली मुंबईत देवदासी, जोगतिणी, मुरळ्यांच्या सभेत बाबासाहेबांनी हे जिणे सोडण्याचा जो परखड उपदेश केला, त्यामागे हेच निदान होते की कला, धर्म आणि आश्रय या नावांखाली बाईची मालकी बदलते, बाई मोकळी होत नाही. उषेच्या भूमिकेत स्मिता पाटीलने हे सारे डोळ्यांनी सांगितले. ही तिची सर्वश्रेष्ठ भूमिका असे मी मानतो. त्याचे एक कारण असे की या भूमिकेच्या मागे एका स्त्रीचे स्वतःचे शब्द होते. जेथे बाईने स्वतः ‘ऐका’ म्हटले होते, तेथे अभिनयाला जमीन मिळाली. झुरियाच्या मागे असे पुस्तक नव्हते.

४

आता मुलीचा प्रश्न. एकच रंग एका अंगावर सौंदर्य आणि दुसऱ्या अंगावर हलकेपणा कसा ठरतो?

याचे उत्तर द्यायला मला केरळात जावे लागते. १९३० च्या सुमारास जे. सी. डॅनियल यांनी ‘विगतकुमारन’ हा पहिला मलयाळी चित्रपट केला. त्यात पी. के. रोझी या दलित मुलीने नायर घराण्यातल्या स्त्रीची भूमिका केली. पुलया जातीची पोर नायर स्त्री म्हणून पडद्यावर दिसते, हे प्रेक्षकांना सोसवले नाही. त्यांनी दगडफेक केली. रोझीला गाव सोडून पळून जावे लागले, पुढचे आयुष्य तिने नाव लपवून काढले. पुन्हा ती पडद्यावर दिसली नाही.

रोझी आणि स्मिता यांना शेजारी ठेवून पाहा. सवर्ण समाजातली, प्रतिष्ठित घरातली अभिनेत्री दलित स्त्रीची भूमिका करते, तेव्हा तिला राष्ट्र पुरस्कार देते. दलित अभिनेत्री सवर्ण स्त्रीची भूमिका करते, तेव्हा तिला दगड मिळतात. यात स्मिता पाटीलचा दोष काडीचाही नाही. पण अभिनय म्हणजे परकायाप्रवेश, असे जे सौंदर्यशास्त्र आपल्याला शिकविले जाते त्यातली गोम येथे उघडी पडते. परकायाप्रवेशाचा परवानाही वरून खाली जाण्यासाठी मिळतो, खालून वर येण्यासाठी नाही. वरच्याने खाली उतरले तर ते कौशल्य. खालच्याने वर पाऊल टाकले तर ते धाडस, आगाऊपणा, आणि प्रसंगी गुन्हा.

केरळचे कशाला, महाराष्ट्राचे पाहू. तमाशा ही कोणाची कला? महार, मांग, कोल्हाटी या समाजांनी ती रक्ताने जगविली. नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांचे नाव निघाले की आजही गावोगावच्या जत्रा आठवतात. फडावर नाचता नाचता कळा आल्या, पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कहाणी महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. त्यात अभिमान कशाचा? बाळंतिणीला एक रात्र विसावा न देणाऱ्या समाजाने शरमावे अशी ही कहाणी आहे. आता तमाशापट आठवा. १९५० पासून पुढची पंचवीस वर्षे मराठी चित्रपट तमाशावर जगला. त्यातल्या मोठ्या नायिका बहुतेक तमाशाच्या फडाबाहेरून आल्या. १९७२ च्या ‘पिंजरा’तल्या संध्या आठवा. ढोलकी आमची, लावणी आमची, घुंगरू आमचे. नायिका मात्र बाहेरून आणलेली. विठाबाईंना राष्ट्रपतींचा गौरव मिळाला, पण २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच. २००० सालच्या डॉ. बाबासाहेबांवरील चित्रपटात रमाईची भूमिका सोनाली कुलकर्णी यांनी केली आणि मनापासून केली. पण रमाईसाठी आपल्यातली एकही अभिनेत्री तोवर कोणी घडवू दिली नव्हती, हेही त्याच क्षणी सिद्ध झाले.

म्हणून त्या मुलीला मी सांगितले, बाई, रंगाला स्वतःची किंमत नसते. रंगाच्या मागे कोणते घर उभे आहे त्यावरून भाव ठरतो. मागे मंत्र्याचे घर असले की सावळेपणा हे तेज. मागे वस्ती असली की तोच रंग लादी पुसायला पाठवतो.

५

यावर दोन आक्षेप येतील. पहिला नेहमीचा : कलावंताला जात नसते. मी म्हणतो, नसावीच. पण जात नसण्याची सोय ज्यांना आहे त्यांनीच हे वाक्य नेहमी उच्चारावे, हा योगायोग नाही. निवडचाचणीच्या दारात त्या मुलीला हे वाक्य कोणी का सांगितले नाही?

दुसरा आक्षेप आपल्याच तरुण कार्यकर्त्यांचा. त्या रात्री एकजण ताडकन म्हणाला, दलितांच्या भूमिका दलितांनीच कराव्यात, इतरांना बंदी घालावी. मला हे मान्य नाही. हा नियम केला तर आपल्या मुलींच्या वाट्याला झुरियाच झुरिया येतील आणि सुलभा कायमची दुसऱ्यांची राहील. पडद्यावर नवा महारवाडा बांधून आपण काय मिळवणार? आपली मागणी याहून मोठी असली पाहिजे. आपल्या मुलीने झुरिया करावी, ती अशी करावी की म्हातारीला तिचे शब्दही ऐकू यावेत. आणि आपल्याच मुलीने सुलभाही करावी, वकीलही व्हावे, राणीही व्हावे, आणि दगड पडू नयेत. रोझीने जे पाऊल टाकले होते ते पुरे करणे, हा खरा कार्यक्रम आहे. स्मिता पाटीलच्या अभिनयाची थोरवी हीच होती की ती उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहू शकली. ही मोकळीक तिचा विशेषाधिकार न राहता सर्वांचा हक्क झाली पाहिजे.

हे स्वप्नरंजन नाही. २०१६ सालच्या ‘सैराट’मध्ये नागराज मंजुळे यांनी अकलूजच्या रिंकू राजगुरू या शाळकरी मुलीला पाटलाची लेक केले. चित्रपटसृष्टीशी काडीचा संबंध नसलेल्या घरातल्या या मुलीला महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. त्याआधी ‘फँड्री’मध्ये कैकाडी कुटुंब स्वतःच्या बोलीत बोलले. दार किलकिले झाले आहे. परंतु एक दिग्दर्शक म्हणजे परंपरा नव्हे. आज घरोघरी रोज संध्याकाळी ज्या मालिका चालतात त्यांच्या दिवाणखान्यात पाहा. तेथे आपली मुलगी बहुधा चहाचा ट्रे घेऊन येते, ठेवते आणि जाते. तिच्या घरी कॅमेरा जात नाही.

६

स्मिता पाटील गेली ते वर्ष १९८६. सगळ्यांना ते वर्ष तिच्या मृत्यूमुळे आठवते. मला ते आणखी एका कारणाने आठवते. त्याच वर्षी बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपाने आले आणि त्याच वर्षी शांताबाई कांबळे यांची ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुस्तक होऊन आली. त्याआधी १९८१ साली, म्हणजे ‘सद्गती’च्याच वर्षी, कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ आले होते. म्हणजे पडद्यावर झुरिया बंद दाराशी नुसता हंबरडा फोडीत होती त्याच वर्षांत महाराष्ट्रातल्या खऱ्या झुरिया हातात लेखणी घेऊन बसल्या होत्या. कोणी वह्या लपवून लिहिले, कोणी शाळेतली नोकरी सांभाळून. चित्रपटवाल्यांना ते ठाऊक नव्हते. पुढे १९९० साली शांताबाईंच्या पुस्तकावर मुंबई दूरदर्शनने ‘नाजुका’ ही मालिका केली. ज्या दूरदर्शनच्या पडद्यावर स्मिता पाटील प्रथम दिसली होती, त्याच पडद्यावर दलित स्त्रीची स्वतः सांगितलेली कथा आली. एका उंबरठ्यावरून ती आत आली, आणि या वेळी कोणाचा अंगठा घेऊन नव्हे, स्वतःच्या सहीने आली.

आणि स्मिता पाटीलच्या मृत्यूनंतर लोकांपुढे आलेला केतन मेहतांचा ‘मिर्च मसाला’ आठवतो. सुभेदाराला नकार देऊन सोनबाई मिरचीच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी दार लावून घेतो. या वेळी दार आतून बंद होते. बाहेर सत्ता उभी आहे आणि आत राबणाऱ्या बाया. दार फुटते, म्हातारा मारला जातो, आणि त्या बाया हातातले काम हेच हत्यार करतात. कुटलेल्या मिरचीचा लोट सुभेदाराच्या डोळ्यांत जातो. शेवटी विळा घेतलेली सोनबाई स्थिर उभी आहे. तिच्या तोंडी भाषण नाही, पण हे मौन झुरियाचे मौन नव्हे. झुरियाला गप्प ठेवले होते, सोनबाई बोलण्याच्या पलीकडे गेली आहे. माझ्या मते अभिनेत्री म्हणून स्मिता पाटीलने आपल्याला दिलेला हा अखेरचा ठेवा आहे. बंद दाराशी कोसळण्यापासून स्वतःचे दार राखण्यापर्यंतचा प्रवास तिने तरी आपल्या देहाने पुरा केला.

त्याच्या पुढचा प्रवास तिचा नव्हे, आपला आहे. त्यासाठी अभ्यासवर्ग पुरे नाहीत. शाळांतल्या शिक्षकांनी गॅदरिंगमध्ये कोणत्या मुलीला राणी करायचे आणि कोणत्या मुलीला दासी, हे ठरवताना स्वतःच्या मनाची झडती घ्यावी. मी तीस वर्षे शिक्षक होतो, आणि ही झडती मी स्वतः उशिरा घेतली, हे कबूल करतो. चळवळीतल्या कलापथकांनी मुलींना केवळ गाण्याच्या कोरसमध्ये उभे करण्याचे सोडून त्यांच्या हाती लेखन आणि दिग्दर्शन द्यावे. आपल्या नियतकालिकांनी चित्रपटाकडे करमणूक म्हणून न पाहता साहित्याइतक्याच गांभीर्याने पाहावे.

त्या मुलीने आता विहारातच एक छोटे नाटक बसवायला घेतले आहे. ‘सद्गती’वरूनच. फरक एवढाच की तिची झुरिया बंद दाराशी आल्यावर रडत नाही. ती काय बोलते, हे अजून लिहून झालेले नाही. त्यासाठी ती रोज संध्याकाळी त्या म्हातारीकडे जाऊन बसते आणि पूर्वी प्रेतापाशी बाया काय काय बोलत ते वहीत उतरवून घेते. परवा म्हातारीने तिला दोन शिव्या अशा सांगितल्या की वहीत लिहू की नको असा तिला प्रश्न पडला. मी म्हटले, लिही.